कोल्हापुरात रोल धुवून मिळतो का? मिळतो, आणि झकास मिळतो

कोल्हापुरात नव्यानं राहायला आलाय आणि गळ्यात फिल्मचा कॅमेरा आहे, तर आधीच सांगून टाकते, इथं रोल धुवून मिळतो. ब्लॅक अँड व्हाइट तर असा धुवून मिळतो की मुंबईत इतकी वर्षं पैसे घालून मला तसा मिळाला नव्हता. मी मूळची ठाण्याची, नोकरीमुळं इकडं आले आणि आल्या आल्या ज्याला त्याला विचारत सुटले की फिल्म कुठं मिळते, धुतात कुठं, कॅमेरा रिपेअर कोण करतं, आणि सगळीकडं एकच उत्तर, आता कोण वापरतंय ताई ते. गुगलवर शोधलं तर प्री-वेडिंगवाले आणि अल्बमवाले सोडून काही दिसत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, पुढच्या माणसाची वणवण वाचावी एवढ्यासाठी.

ज्या स्टुडिओबद्दल लिहितेय तो मंगळवार पेठेत आहे, खरी कॉर्नरला तो कॅमेरा मानस्तंभ आहे ना, तिथून चालत जाण्यासारखा. नाव लिहीत नाही कारण तो चालवणाऱ्या काकांना विचारलं तर ते नको म्हणाले, वय झालंय, सगळं एकट्यानं करतात, एकदम गर्दी झाली तर कामाचा विचका होईल असं त्यांचं म्हणणं आणि ते बरोबरच आहे. पण शोधणं अजिबात अवघड नाही. पेठेतल्या कुठल्याही साठीच्या पुढच्या फोटोग्राफरला विचारा, "अजून डार्करूम कुणाची चालू आहे?" पत्ता मिळतोच.

आणि हे मी सगळ्याच गावांसाठी सांगेन, प्रश्न असाच विचारायचा. कॅमेऱ्याच्या शोरूममध्ये जाऊन फिल्म आहे का विचारलं तर नाही म्हणणारच, काउंटरवरच्या पोरानं रोल बघितलेलासुद्धा नसतो बिचाऱ्यानं. राजारामपुरीतल्या दुकानांत मला माणसं चांगली भेटली पण त्यांच्याकडं मिररलेस, गिंबल, रिंग लाइट, त्यापलीकडं काही नाही. त्याऐवजी जुना पासपोर्ट फोटोवाला गाठायचा, नाहीतर पेपरात काम केलेला रिटायर्ड फोटोग्राफर, नाहीतर आर्ट कॉलेजचे जुने सर, आणि विचारायचं की पूर्वी तुमचे रोल कोण धुवायचं. लग्नाच्या सीझनला दिवसाला ढिगानं रोल निघायचे तेव्हा ते कुठंतरी जातच होते ना, तो माणूस किंवा त्याचा मुलगा गावातच असतो, दुकानाची पाटी फक्त बदललेली असते. मला वेगवेगळ्या तिघाचौघांनी याच काकांचं नाव सांगितलं तेव्हा म्हटलं चला.

दुकान बाहेरून साधं आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, जुन्या फोटोवरून फोटो, असं सगळं लिहिलेलं. आत गेल्यावर डाव्या हाताला एक छोटी खोली, काळा पडदा, पडद्यामागं दार, आणि दार उघडलं की तो वास. हायपोचा, म्हणजे फिल्म पक्की करायच्या केमिकलचा. ज्यांना माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको.

पहिल्यांदा गेले तेव्हा काका म्हणाले, "कशाला गडबड, बसा की. कुठली फिल्म हाय? किती एएसएवर मारलीय?" एएसए म्हणजे फिल्म उजेड किती पटकन पकडते त्याचा आकडा, आणि हा प्रश्न मला आजपर्यंत कुठल्याही लॅबच्या काउंटरवर कुणी विचारला नव्हता. माझ्याकडं इलफर्डचा एचपी५ होता, गुऱ्हाळावर काढलेला, चारशेची फिल्म सोळाशेवर, कारण गुऱ्हाळघरात पहाटे उजेड म्हणाल तर चुलाणाचा जाळ आणि वर टांगलेला एखादा बल्ब. मी पुश करायचंय, म्हणजे कमी उजेडातली फिल्म जास्त धुवून भरून काढायचीय, एवढंच सांगितलं. तर त्यांचे प्रश्न सुरूच, "उजेड कुठनं हुता? जाळ समोर का पाठीमागं? वाफ पांढरीफटक चालंल का वाफेतला माणूस दिसाय पायजे?" मी म्हटलं माणूस दिसायला पाहिजे. मान डोलावली, रोलवर चिठ्ठी चिकटवली, त्यावर पेन्सिलीनं 'वाफ' एवढंच लिहिलं आणि रोल डब्यात टाकला.

मी बघत बसू का विचारलं तर हो म्हणाले, आणि हे मला फार मोलाचं वाटलं, कारण माझे रोल धुताना कुणी मला जवळ उभं राहू दिलं नव्हतं. रील भरणं, म्हणजे फिल्म चक्रीवर गुंडाळून टँक नावाच्या बंद डब्यात घालणं, अर्थात अंधारात, ते आत जाऊन झालं. टँक बंद करून बाहेर आले आणि मग सगळं उजेडातच. परातीत पाणी, त्यात बर्फाचे तुकडे, मधे डेव्हलपरचा, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या केमिकलचा जार, जारमध्ये थर्मामीटर. फोटोग्राफीची पुस्तकं सगळी वीस डिग्री धरून वेळ देतात, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात नळाचं पाणीच तीसच्या घरात असतं. काका चोवीसवर काम करतात, वीसपर्यंत खाली आणायच्या नादाला लागत नाहीत. वीसवर आणलं तरी पुढचं हायपो आणि धुवायचं पाणी गरमच असतं, मग फिल्मला थंड-गरमचा झटका बसतो, त्यापेक्षा सगळंच चोवीसच्या आसपास ठेवायचं आणि वेळ कमी करायचा. पण वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर फिल्मवर डाग-पट्टे येतात, म्हणून मग डेव्हलपर पातळ करून वेळ परत वाढवायचा. माझ्या रोलला त्यांनी डी-७६ नावाचं डेव्हलपर निम्मं पाणी घालून वापरलं, वेळ लांबवला आणि टँक हलवायचा कमी केला. कमी हलवलं की जिथं उजेड जास्त पडलाय तिथला डेव्हलपर तिथल्या तिथं दमतो, वाफ जास्त काळी होत नाही निगेटिव्हवर, आणि सावलीतला भाग मात्र सावकाश वर येत राहतो. हे मी वाचलेलं होतं, पण समोर कुणीतरी घड्याळाकडं न बघता बोटांनी टँक उलटा-सुलटा करत हेच करतंय हे बघणं वेगळं. घड्याळ लावलेलं असतंच म्हणा, काकू बाहेरून ओरडतात, "झाली ओ येळ!"

हायपोचं पण एक सांगण्यासारखं आहे. रोलची जी जीभ बाहेर असते तिचा तुकडा ते आधीच कापून ठेवतात आणि प्रत्येक वेळी तो हायपोच्या पेल्यात टाकून बघतात किती वेळात पारदर्शक होतोय. जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत. तुकडा उशिरा साफ झाला की हायपो ओतून नवा. केमिकल चांगलं आहे का मेलंय याची याच्याइतकी साधी आणि पक्की परीक्षा दुसरी नाही, आणि ती प्रत्येक रोलला होते. वापरलेला हायपो गटारात जात नाही, कॅनमध्ये साठतो, कारण त्यात फिल्मवरची चांदी उतरलेली असते, पूर्वी स्टुडिओवाले तो विकायचेच. हुपरी इथून जवळ, चांदीची किंमत इथं कुणाला शिकवायला नको.

निगेटिव्ह दुसऱ्या दिवशी मिळाली. सहा-सहाच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी बटर पेपरमध्ये, एकही फ्रेम मधोमध कापलेली नाही, पहिली अर्धवट उजेड लागलेली फ्रेमसुद्धा ठेवलेली. हे लिहावं लागतंय कारण एका शहरातल्या लॅबनं माझा रोल फ्रेमच्या मधून कापून दिला होता आणि दुसऱ्यांदा तर निगेटिव्ह परत द्यायच्याच विसरले, स्कॅन पाठवले ना मग निगेटिव्ह कशाला हव्यात म्हणे. इथं तसं नाही. आणि ते गुऱ्हाळाचे फोटो, काय सांगू! काहिलीवरची वाफ आहे, पण वाफेच्या आत गुळव्या फावडं घेऊन वाकलाय तो पूर्ण दिसतो, त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो, वरची काजळलेली लाकडं काळीच आहेत पण त्या काळ्यातही लाकूड दिसतंय. दाणे आहेत, सोळाशेला असणारच, पण छान टोकदार दाणे.

पैशाचं म्हणाल तर धुवायचे मला प्रत्येक रोलला दोनशेच्या आतच पडतात, पुश असला तरी तेवढेच. मुंबईला पाठवलं तर जाण्यायेण्याचं कुरिअरच तेवढं होतं. १२० चे, म्हणजे जुन्या डबा कॅमेऱ्यांचे रुंद रोल पण धुतात. घरात आजोबांचा अग्फा क्लिक थ्री पडून असेल, तो बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा तो डबा कॅमेरा, तर तो बाहेर काढा, त्यात १२० चाच रोल लागतो, सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो येतात आणि काका त्याच्या सरळ कॉन्टॅक्ट कॉप्या, म्हणजे निगेटिव्ह कागदावर ठेवून त्याच मापाचे फोटो, काढून देतात, फोटो मोठा करायचा एनलार्जर नको काही नको. आमच्या ऑफिसातल्या एकीनं आईचा कॅमेरा असाच चालू केला, आता ती माझ्याहून जास्त रोल टाकते.

प्रिंटबद्दल मात्र मला मनापासून लिहायचंय. काकांची खरी कला तिथं आहे. एनलार्जर जुना, लोखंडी, खांब जरा झिजलेला, पण लेन्स स्वच्छ. आधी ब्रोमाइडची, म्हणजे फोटोच्या कागदाची एक बारीक पट्टी कापून त्यावर पाच-पाच सेकंदांचे टप्पे टाकून बघतात, मग फोटो. आणि फोटोला उजेड देताना हात चालू असतात, चेहऱ्यावर सावली धरायची, आभाळावर जास्त उजेड सोडायचा, दोन बोटांच्या फटीतून एवढासा कोपरा जाळायचा, म्हणजे तेवढाच जास्त उजेड देऊन काळा करायचा. लाल दिव्यात ट्रेमध्ये कागद सोडला आणि तो वर यायला लागला की मी अजूनही श्वास धरून बघते. पन्हाळ्याच्या पावसातला एक फोटो मी स्कॅन करून कॉम्प्युटरवर बराच वेळ घासत बसले होते, तटबंदी आणि धुकं एकमेकांत मिसळून सगळं राखाडी झालं होतं. काकांनी तोच आठ बाय दहा काढला, तट वेगळा, धुकं वेगळं, आणि धुक्यातली वाट दिसली जी मला स्कॅनमध्ये कळलीच नव्हती. एका प्रिंटला धुण्यापेक्षा बरेच जास्त पैसे घेतात आणि घ्यायलाच पाहिजेत, कागद बाहेरून मागवावा लागतो आणि एक चांगली कॉपी निघेपर्यंत दोन वाया जातात. माझ्या मते या स्टुडिओत जाऊन फक्त रोल धुवून परत येणं म्हणजे महाद्वार रोडला जाऊन अंबाबाईचं दर्शन न घेता येणं. एक तरी प्रिंट काढाच.

आता जे चांगलं नाही तेही सांगते. स्कॅन. त्यांच्याकडं जुना फ्लॅटबेड आहे, त्यावर धूळ, त्यात निगेटिव्ह सपाट बसत नाही, पस्तीस एमएमचं स्कॅन व्हॉट्सॲपला ठीक, बाकी उपयोग नाही. ते स्वतःच म्हणतात की ते आपलं काम नव्हं. मी आता घरीच डिजिटल कॅमेऱ्यानं करते, मॅक्रो लेन्स, खाली पांढरा उजेड, वर निगेटिव्ह. खालच्या उजेडासाठी मोबाईलची स्क्रीन वापरली तर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात, त्याला उपाय म्हणजे मधे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, तो नेमप्लेट आणि रेडियमवाल्यांकडं कापून मिळतो, उरलेल्या तुकड्यांतला असेल तर अगदीच स्वस्तात.

आणि कलर. कलर इथं टाकू नका, काका घेतच नाहीत. "कलरचं केमिकल रोज जेवाय मागतंय, मी कुठनं घालू," असं ते म्हणतात आणि त्यामागचं कारण समजून घ्या कारण कुठल्याही गावात उपयोगी पडेल. कलर निगेटिव्हची प्रोसेस म्हणजे सी-४१, त्यात डेव्हलपर साधारण ३८ डिग्रीला, सव्वातीन मिनिटं, आणि एवढ्यातेवढ्या फरकानं रंग हलतात. मिनिलॅबची मशीनं अशी बनवली होती की जेवढे रोल आत जातील त्या हिशेबानं ताजं केमिकल आपोआप आत येतं. दिवसभर रोल येत होते तोपर्यंत टाकी ताजी राहायची. आता आठवड्याला चार रोल आले तर केमिकल टाकीत उभ्या उभ्या हवेनं खराब होतं, मशीन चालू असलं तरी. म्हणून कलरसाठी लॅब निवडताना मशीन कुठल्या कंपनीचं आहे ते विचारू नका, आठवड्याला किती रोल धुता ते विचारा. जवळच्याच एका गावात एकानं हौसेनं रोल घेतला माझा आणि जो परत आला त्यात सावल्या सगळ्या हिरव्या आणि पांढरे शर्ट गुलाबी, आणि ते स्कॅनमध्ये दुरुस्त होत नाही, कारण रंगाचे थरच कमीजास्त तयार झालेले असतात. मी कलर साठवून ठेवते आणि एकदम मुंबईला पाठवते, नाहीतर कुणी महालक्ष्मीनं जाणारं असलं तर त्याच्याकडं देते.

त्यातही सिनेमाची फिल्म कापून डब्यांत भरून विकतात ती वेगळी ओळखा, कोडॅकची व्हिजन थ्री वगैरे. त्या फिल्मच्या जुन्या मालाच्या पाठीमागं काजळीसारखा काळा थर असतो, रेमजेट, तो आधी काढावा लागतो. न सांगता साध्या सी-४१ लॅबला दिली तर तो थर सुटून टाकीभर होतो आणि तुमच्याबरोबर बाकीच्यांचे रोलही जातात. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

फिल्म विकत घ्यायची तर कोल्हापुरात ताजी मिळत नाही, हे मान्य करून चालायचं. ऑनलाइन मागवायची किंवा मुंबईला गेलं की सीएसएमटीच्या आसपास बोराबाजार, डी. एन. रोडकडून आणायची. कोडॅक गोल्ड २०० चा ३६ चा रोल मला अलीकडं हजाराच्या वरच पडतो, म्हणून कलर मी जपून वापरते. ब्लॅक अँड व्हाइटला एक सोय आहे, काका शंभर फुटी रोलमधून डब्या भरून देतात. शंभर फुटांत ३६ चे साधारण अठरा रोल बसतात आणि रोलमागं खर्च बराच खाली येतो. फोमा कंपनीचा मोठा रोल मी आणि अजून दोघं मिळून आणतो, काकांकडं ठेवतो, लागेल तसा भरून घेतो. म्हणून रिकाम्या डब्या टाकून देऊ नका, त्यांना नेऊन द्या.

त्यांच्या कपाटात जुना माल पण आहे, कोनिकाचे रोल, कोनिकानं २००६ मध्येच या धंद्यातून अंग काढून घ्यायचं जाहीर केलं म्हणजे बघा किती जुने, आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे इंदू नावाचे कागदाचे खोके. सरकारी कारखाना होता तो, एक्स-रे फिल्मपासून ब्रोमाइडपर्यंत सगळं आपल्याकडं बनायचं, आता तो बंद झालाय. ते खोके विकाऊ नाहीत. कोनिकाचे रोल मागितले तर देतात पण आधी बजावतात की रंगाची खात्री नाही. जुन्या कलर रोलला दर दहा वर्षांमागं एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्यायचा असा ढोबळ हिशेब आहे, तो धरून काढा आणि महत्त्वाचं काही त्यावर काढू नका.

घरी धुवायचं असेल तर कोल्हापूरसारखं गाव नाही, हे मी खात्रीनं सांगते. जिल्हाभर साखर कारखाने, शिरोली-गोकुळ शिरगावला फाउंड्र्या, सगळ्यांना लॅबची केमिकल्स लागतात, त्यामुळं ती विकणारी दुकानं आहेत आणि ती सुट्टं देतात. डी-७६ चा फॉर्म्युला जुनाच आहे, मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, पाणी घालून १ लिटर. यातलं सल्फाइट बॉयलरच्या पाण्यात वापरतात म्हणून सहज मिळतं, बोरॅक्स म्हणजे आपली सवागी, आणि हायपो तर फिशटँकच्या दुकानात क्लोरीन मारायचे खडे म्हणून मिळतो. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन तेवढं सांगून मागवावं लागतं, चार-आठ दिवस लागतात. करताना कोमट पाण्यात सल्फाइटची चिमूट आणि मग मेटॉल आधी विरघळवा, सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळत नाही. हातात ग्लोव्हज पाहिजेतच, मेटॉलनं काहींच्या कातडीला खाज सुटते आणि एकदा सुटली की आयुष्यभर त्रास. शेवटच्या पाण्याला गाडीच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, नळाच्या पाण्याचे थेंब वाळून निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात.

पावसाळ्याचं वेगळं सांगावंच लागेल, जूनपासून इथं जो पाऊस धरतो त्यात बाथरूममध्ये टांगलेली फिल्म सकाळीसुद्धा ओली लागते आणि उशीर झाला की धूळ चिकटते. काकांनी लाकडी कपाटात खाली साधा बल्ब लावलाय, दाराला बारीक भोकं, फिल्म त्यात लटकते. मी तसंच एक करून घेतलं सुताराकडून. लेन्सा हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि कातडी पाकिटात अजिबात ठेवू नका, बुरशी तिथूनच येते.

रिपेअरचं काका थोडंफार बघतात, लाइट सीलचा फोम बदलणं, शटरची पाती साफ करणं, एवढंच. पण लेथ-वर्कशॉपवाल्यांचं उद्यमनगर आहे ना! माझ्याकडं कॅनोनेट क्यूएल१७ हा जुना फिल्म कॅमेरा आहे, त्याला पूर्वी पाऱ्याची बॅटरी लागायची ती आता बनत नाही. तिच्या जागी श्रवणयंत्राची ६७५ नंबरची बॅटरी चालते, व्होल्टेज जवळपास तेवढंच, श्रवणयंत्राच्या दुकानात पाकीट मिळतं. पण ती आकारानं लहान, खड्ड्यात डुगडुगते. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या भावाला कॅमेरा नेऊन दाखवला, त्यानं कॅलिपर लावला, पितळेच्या गजातून रिंग काढली, दोनदा बसवून बघितली, तिसऱ्यांदा हलक्या हातानं घासून अशी बसवली की आता वाटतं कारखान्यातूनच आलीय. पैसे विचारले तर म्हणाला, "चहाचं द्या ताई, कॅमेऱ्याचं काम कधी येतंय हितं." मी नीट पैसे दिले, तुम्हीही द्या. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला तिथं एक रिंग काय मोठी, पण मला फार आनंद झाला. पट्टा चप्पल लाईनला करून घेतलाय, चप्पलेच्याच कातड्याचा, कडेला वेणी, टाके हातचे. तो माणूस पण कॅमेऱ्याचं वजन किती, मान घासेल का, असलं सगळं विचारत होता.

काकांकडं जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी दुकान बंद असतं आणि संध्याकाळी पासपोर्टवाल्यांची गर्दी असते. लग्नसराईत आणि शाळांच्या ॲडमिशनच्या दिवसांत जरा दम धरा, तेव्हा रोल आठ-आठ दिवस पडून राहतो. डब्यावर तुमचं नाव, कितीवर मारलाय, आणि उजेड कसा होता ते लिहा, ते खरंच वाचतात. घाई करू नका, भाव करू नका. स्वतः शिकायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, रील भरायला शिकवतात, आधी उजेडात वाया गेलेल्या फिल्मवर, मग डोळे मिटून, मग अंधारात. आणि काकूंनी चहा विचारला की नको म्हणू नका, "टाकलाय की मी आता," असं म्हणून त्या आणतातच.

एक अडचण आहे, तेवढी वाचणाऱ्यांपैकी कुणी सोडवली तर बरं होईल. त्यांच्या एनलार्जरला दुधी काचेचा बल्ब लागतो, पिनचा, दीडशे वॅटचा, आतला उजेड सगळीकडं सारखा पडणारा. साधा बल्ब लावला तर कंपनीचं नाव कागदावर छापून येतं आणि एलईडी लावून बघितला तर कागदाला काळा नीट येत नाही. सध्या लावलेला एकच शिल्लक आहे, सुट्टा नाही. कुणाच्या जुन्या स्टुडिओत, माळ्यावर, कॉलेजच्या बंद पडलेल्या डार्करूममध्ये असा बल्ब असेल तर मला सांगा, मी येऊन घेऊन जाईन, जे काय पैसे होतील ते देईन.